नऊ नंबर घडतो कसा? चेंडू पायात येण्याआधीचं काम

पेठेतला_नऊ

मूल सरावाला आणून सोडणाऱ्या पालकांची मागणी बहुधा एकच असते : सर, याला ड्रिबलिंग (चेंडू पायात खेळवत पळणं) शिकवा. मग प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, मांडले जातात, पोरगं त्यांतून नागमोडी पळतं, मोबाईलवर व्हिडिओ निघतो. पण कोन जागचा हलत नाही आणि पायही घालत नाही. तेच पोरगं सामन्यात पुढे उभं राहतं तेव्हा त्याच्या वाट्याला चेंडू मोजक्या वेळा येतो, तोही पाठ गोलकडे आणि मागे बचावपटू चिकटलेला असताना.

मी कोल्हापुरात संध्याकाळी बारा ते सोळा वयाच्या मुलांचा सराव घेतो. पेठांचा फुटबॉल बघतच वाढलो. शाहू स्टेडियमच्या गॅलरीतून पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस या इथल्या संघांचे सामने पाहिले. आमच्याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून आघाडीला खेळला, तेव्हापासून तर प्रत्येकाला पुढेच खेळायचंय. पोरांकडे वेग आहे, रग आहे, पायात चेंडूही आहे. कमी पडतं ते चेंडू जवळ नसतानाचं काम. माझं ठाम मत आहे की वरच्या दर्जाचा स्ट्रायकर, म्हणजे सगळ्यात पुढे खेळून गोल मारणारा नऊ नंबर, नेमका तिथे वेगळा होतो, आणि ते काम शिकवता येतं.

नॉर्वेचा स्ट्रायकर हालंड याने २०२२-२३ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या एका हंगामात ३६ गोल मारून विक्रम केला. त्याच हंगामात ऑगस्टमध्ये बोर्नमथविरुद्ध त्याची बदली होईपर्यंत चेंडूला त्याचा स्पर्श झाला फक्त ८ वेळा, आणि तरी साथीदार गुंडोगानच्या गोलचा पास त्याचाच होता. उरलेला सगळा वेळ तो काय करत होता, ते टीव्हीवर नीट कळत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे फिरतो. मुलांना मैदानावर न्या आणि दहा मिनिटं चेंडू सोडून फक्त नऊ नंबरकडे बघायला लावा.

बघण्यापासूनच सुरुवात करतो. नॉर्वेचे संशोधक गेइर योर्देत यांनी प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंचं चित्रण तपासलं. पास मिळण्याआधीच्या १० सेकंदांत कोण किती वेळा मान वळवून आजूबाजूला बघतो ते मोजलं. जास्त वेळा बघणाऱ्यांचे पुढचे पास जास्त अचूक निघाले. इंग्लंडचा मिडफिल्डर फ्रँक लॅम्पार्ड या बाबतीत फार वरच्या नंबरावर होता. पण मुलांना नुसतं "मान वर ठेव" ओरडून काही होत नाही. कधी बघायचं ते सांगावं लागतं. चेंडू एका साथीदाराकडून दुसऱ्याकडे जात असतो, तेवढा वेळ काही घडणार नसतं, तेव्हा मागे बघून घ्यायचं. साथीदाराने पास द्यायला पाय मागे घेतला की नजर चेंडूवर. आम्ही सरावात मुलाच्या पाठीमागे एकाला उभं करतो, तो बोटं दाखवतो. पास घेताघेता मुलाने किती बोटं ते सांगायचं. पहिले काही दिवस सगळी गडबडतात, मग मान आपोआप वळायला लागते.

आता जागा. बचावपटूला चेंडू आणि माणूस दोन्ही एका नजरेत हवे असतात. तुम्ही त्याच्या खांद्यामागे गेलात की त्याला दोहोंतलं एकच बघता येतं. त्याने चेंडूकडे बघितलं की तुम्ही निघायचं. क्रॉस, म्हणजे बाजूने गोलसमोर टाकलेला चेंडू, येताना दोन पावलं जवळच्या खांबाकडे टाका, तो ओढला गेला की मागे वळा. कधीकधी नुसतं थांबणं हीसुद्धा हालचाल असते. सगळा बचाव गोलकडे धावत मागे जातो तेव्हा जो पेनल्टी स्पॉटपाशी थांबतो त्याच्याभोवती मोकळं रान होतं, आणि गोलरेषेजवळून मागे काढलेला पास नेमका तिथेच येतो. धाव सरळ न घेता वळसा घालून घेतली तर ऑफसाईड टळतो आणि चेंडूही डोळ्यांसमोर राहतो.

शॉटबद्दल थोडक्यात. साधारण दहा शॉटला एक गोल होतो, आणि तो बहुतेक वेळा जवळून मारलेला असतो. डीच्या (गोलसमोरच्या पेनल्टी चौकोनाच्या) बाहेरून मारलेल्यांतले फारच थोडे आत जातात. म्हणून लांबून ताकद लावण्यापेक्षा आणखी दोन पावलं आत कसं शिरता येईल ते शिकावं. तिरक्या कोनातून मारायचं तर दूरच्या खांबाकडे आणि जमिनीलगत. गोलकीपरला खाली झुकायला वेळ लागतो, शिवाय त्याने अडवला तरी चेंडू आपल्या धावत येणाऱ्या साथीदारासमोर पडण्याची शक्यता असते.

मनाच्या तयारीबद्दल इथल्या खेळलेल्या मंडळींनी लिहावं अशी विनंती.

डावखुरा

धागा आवडला. तरी मला वाटतं गोलचा वास उपजतच लागतो. इटलीचा स्ट्रायकर इंझागी बघा ना. वेग बेताचा, ड्रिबलिंग जेमतेम, लांबून शॉट नाही. आणि २००७ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध मिलानचे दोन्ही गोल त्याचे. गर्ड म्युलरने पश्चिम जर्मनीसाठी ६२ सामन्यांत ६८ गोल मारले. हे कुठल्या सरावात शिकवणार?

पेठेतला_नऊ

डावखुरा, म्युलरचा १९७४ च्या विश्वचषक अंतिम सामन्यातला गोल पुन्हा एकदा बघा. उजवीकडून आलेला पास त्याच्या किंचित मागे पडला. त्याने चेंडू पुढे ओढण्याऐवजी मागेच घेतला, जागच्या जागी वळला आणि लगेच खाली कोपऱ्यात मारला. नेदरलँड्सचे बचावपटू त्याच्या धावेच्या दिशेने गेले होते. बुटका, जाड मांड्यांचा बांधा त्याला जन्माने मिळाला, तो मी शिकवू शकत नाही. पण मागे पडलेला चेंडू घेऊन वळणं, वळल्यावर मान वर न करता मारणं, हे हजार वेळा केल्याशिवाय अंगात येत नाही.

दुसरं उदाहरण थिएरी ऑन्रीचं. १९९९ मध्ये तो युव्हेंटसमधून आर्सेनलला आला तो विंगर, म्हणजे कडेने खेळणारा, म्हणून. प्रशिक्षक वेंगर यांनी त्याला मध्यभागी आणलं. पहिले आठ सामने गोल नाही. पुढे त्याच क्लबसाठी २२८ गोल, आजही क्लबचा विक्रम. डावीकडून आत येऊन, अंग उघडून, उजव्या पायाच्या आतल्या बाजूने दूरच्या खांबाकडे वळवलेला त्याचा शॉट सगळ्यांना पाठ आहे. तो गोलमध्ये पास दिल्यासारखा मारायचा. बावीस वर्षांच्या तयार खेळाडूला नवी जागा आणि नवी सवय लावता येते, तर चौदाच्या मुलाला का नाही?

साळनदी

मडगांवाहून लिहितोय. आमच्याकडे भात कापून झालं की शेतातच गोल उभे राहतात. सात-सात जणांचे सामने, जागा थोडी, जमीन ओबडधोबड. चेंडू कसा उडेल याचा भरवसा नाही, त्यामुळे पहिला स्पर्श मऊ ठेवावाच लागतो. माझ्या मते लहान मैदानावर जास्त खेळवणं हाच आघाडीपटूचा उत्तम सराव. दर मिनिटाला कुणीतरी गोलसमोर असतो.

आणि उपजत-शिकलेलं या वादात एक नाव विसरू नका, नेव्हिल डिसोझा. जन्म गोव्यातला, फुटबॉल मुंबईत टाटांच्या संघाकडून. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाला भारताने ४-२ हरवलं, त्यातले तीन गोल त्याचे. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा तो पहिला आशियाई. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाविरुद्ध भारताचा एकमेव गोलही त्याचाच. स्पर्धेत सर्वाधिक गोल करणाऱ्यांत त्याचं नाव आहे आणि आपल्या पोरांना ते माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मेस्सी-रोनाल्डोची पोस्टरं जरूर लावा, त्यांच्याशेजारी याचाही फोटो लावा.

२०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकाचा इंग्लंड-अमेरिका उपांत्यपूर्व सामना इथल्या फातोर्डा स्टेडियमवर बघितला होता. इंग्लंडच्या ऱ्हियन ब्रूस्टरने हॅट्ट्रिक केली. मला आठवतं ते त्याचं सतत सरकत राहणं. चेंडू दुसऱ्या टोकाला असतानाही तो दोन बचावपटूंच्या मध्ये स्वतःसाठी जागा करत होता.

बर्गनकर

इथे नॉर्वेत माझी दोन्ही मुलं खेळतात म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. हालंड ज्या ब्रीनमध्ये वाढला ते छोटं गाव आहे. तिथल्या क्लबात त्याच्या वयाच्या सुमारे चाळीस मुलांचा गट होता. त्यांना हुशार आणि बाकीचे असं वेगळं न करता बरीच वर्षं एकत्र खेळवलं. हिवाळ्यात इनडोअर मैदान मोकळं असायचं, पोरं आपली आपण जाऊन खेळायची. आज तो धिप्पाड दिसतो, पण किशोरवयात बरीच वर्षं तो बारीक आणि बुटका होता. अंगबळावर कुणाला हटवणं शक्य नव्हतं, म्हणून तो बचावपटूच्या मागे लपायला आणि वेळ साधायला शिकला. उंची नंतर आली, तेव्हा ही अक्कल आधीच तयार होती.

इथे लहान मुलांच्या स्पर्धांत अकराव्या वर्षापर्यंत गुणतक्ते लावत नाहीत आणि तेरा वर्षांआधी राष्ट्रीय अजिंक्यपद नसतं. आपल्याकडच्या निवड चाचण्यांत उंच आणि लवकर वयात आलेली मुलं पुढे जातात, बारीक मुलं घरी. त्यांच्यात कितीजण हालंडसारखे विचार करणारे असतील? हे मला मनापासून खुपतं.

फिजिओताई

बर्गनकरांच्या मुद्द्याला जोडून. उंची झपाट्याने वाढते त्या काळात मुलांचा ताल बिघडतो, कालपर्यंत जमणारा पहिला स्पर्श आज निसटतो. त्यांना त्याबद्दल रागावू नका, हाडं आणि स्नायू एका वेगाने वाढत नाहीत. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला दुखरा उंचवटा आला तर शॉटचा सराव कमी करा आणि दाखवून घ्या. "खेळून खेळून बरं होईल" असं म्हणू नका.

आघाडीपटूच्या अचानक मारलेल्या धावेत मांडीच्या मागचा स्नायू सगळ्यात जास्त दुखावतो. दोन गुडघ्यांवर बसून, कुणीतरी घोटे धरून, अंग सरळ ठेवत हळूहळू पुढे झुकण्याचा नॉर्डिक व्यायाम यासाठी खूप अभ्यासला गेलाय. तो नियमित करणाऱ्या संघांत ही दुखापत जवळपास निम्म्यावर येते. साधन काही लागत नाही.

हेडरबद्दल : अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ पासून दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद केलाय, इंग्लंडमध्येही प्राथमिक शाळेच्या वयात त्याचा सराव घेऊ नये अशा सूचना आहेत. लहानांना फुग्याने किंवा हलक्या चेंडूने फक्त उडी आणि वेळ साधणं शिकवा.

केतकी_०७

सगळं वाचतेय, आणि आता माझा प्रश्न. माझी लेक चौदाची, पुण्यात खेळते. वेगवान आहे, डाव्या विंगवर चांगली होती म्हणून तिला मध्ये आणलं. एका आंतरशालेय सामन्यात शेवटच्या मिनिटाला फक्त गोलकीपर समोर असताना तिने बाहेर मारला आणि संघ हरला. मैदानाबाहेरून पालकांनीच तिला बोल लावले. तेव्हापासून ती डीमध्ये चेंडू आला की लगेच दुसरीला पास देते. घरी विषय काढला की गप्प. तिला काय सांगू?

जुना_कूपरेज

केतकीताई, मी मुंबईत बरीच वर्षं आघाडीला खेळलो, म्हणून उत्तर द्यावंसं वाटलं.

तिला आधी हे सांगा की नऊ नंबरची जागाच अशी आहे की चुका सगळ्यांना दिसतात. मिडफिल्डरचे पाच पास वाया गेले तर कुणाच्या लक्षातही येत नाही. पेनल्टी म्हणजे ११ मीटरवरून, समोर फक्त गोलकीपर, गोल ७.३२ मीटर रुंद, तरी जगभर चारांतली जवळपास एक हुकते. तुमच्या लेकीला तर धावताना, दमलेल्या अवस्थेत, मागून कुणीतरी येत असताना मारायचं होतं.

मोठ्या स्ट्रायकरांची चूक विसरण्याची ताकद आपण स्वभाव मानतो. मला ती कामाची पद्धत वाटते. आमचे प्रशिक्षक सामन्यानंतर गोल किती मारले हे विचारायचेच नाहीत. विचारायचे, "गोल मारता येईल अशा जागी कितीदा पोचलास?" गोल होणं गोलकीपर, चेंडूची उसळी, नशीब अशा बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं. त्या जागी पोचणं पूर्ण आपल्या हातात असतं. लेकीला एक वही करू द्या. सामन्यानंतर मैदानाचं चित्र काढून शॉट कुठून मारला तिथे फुली. गोल झाला की नाही ते लिहायचंच नाही. महिनाभरात फुल्या गोलच्या जवळ सरकतात का, एवढंच बघायचं. पास देऊन टाकते ना, तर पहिल्या आठवड्यात फुल्या कमीच दिसतील, त्यावर काही बोलू नका.

२०१८ च्या जूनमध्ये अंधेरीला आंतरखंडीय चषक झाला. चिनी तैपेईविरुद्ध भारताने ५-० असा विजय मिळवला, सुनील छेत्रीची हॅट्ट्रिक, आणि स्टेडियम बरंचसं रिकामं. त्याने व्हिडिओ काढून लोकांना हात जोडून बोलावलं. पुढचा केनियाविरुद्धचा त्याचा शंभरावा सामना तुडुंब भरला. लोकांना आपण बोलावलंय आणि आता सगळे आपल्याकडे बघताहेत, याहून मोठं ओझं काय असतं? त्या सामन्यात त्याने दोन गोल मारले, अंतिम सामन्यात आणखी दोन. अंतिम सामन्यातल्या दुसऱ्या गोलच्या वेळी मागून बचावपटू अनसने उचलून दिलेला लांब चेंडू त्याने छातीवर घेतला आणि डाव्या पायाने मारला. गडबड कुठेच नव्हती. उंची १७० सेंटिमीटर, आणि भारतासाठी गोल ९० हून जास्त. हा शांतपणा त्याच्याकडे लहानपणापासून असेल असं मला वाटत नाही, तो रोजच्या शिस्तीतून आलेला आहे.

डावखुरा

इंग्लंडचा स्ट्रायकर जेमी व्हार्डी याचंही सांगा मुलीला. शेफील्ड वेन्सडेने त्याला सोळाव्या वर्षी लहानखुरा म्हणून काढलं. कारखान्यात काम करत खालच्या लीगमध्ये खेळला. २०१२ ला लेस्टरने घेतलं तेव्हा पहिल्या हंगामात गोल मोजकेच, खेळ सोडायचा विचार करत होता. २०१५ मध्ये त्याने प्रीमियर लीगच्या सलग ११ सामन्यांत गोल केले आणि त्या हंगामात लेस्टर विजेता झाला. (उपजतवाला मुद्दा मी थोडा मागे घेतो.)

साळनदी

आणि भारतीय महिला संघाच्या मनीषा कल्याणचा गोल दाखवा. नोव्हेंबर २०२१, मानाउसला ब्राझीलविरुद्ध. सुरुवातीलाच एक गोल खाल्लेला, आणि आठव्या मिनिटाला हिने प्रतिहल्ल्यात धावत जाऊन बरोबरी केली. सामना भारत ६-१ हरला, पण ब्राझीलच्या बचावासमोर ती शॉट मारायला कचरली नाही. पुढच्याच वर्षी ती सायप्रसच्या अपोलॉन क्लबकडून महिला चॅम्पियन्स लीगमध्ये खेळली, असं करणारी पहिली भारतीय.

शिवणीकर

पालकांनी बाहेरून ओरडणं यावर वेगळा धागा हवा. "मार! मार!" ऐकून पोरं चाळीस मीटरवरून मारतात. आमच्या संघाने एक सामना "गप्प सामना" ठेवला, पालकांनी फक्त टाळ्या वाजवायच्या. मुलं एकमेकांशी जास्त बोलायला लागली, हे सगळ्यांना दिसलं.

केतकी_०७

सगळ्यांचे मनापासून आभार. जुना_कूपरेज काका, वहीची कल्पना तिला आवडली, मैदानाचं चित्र तिने स्वतःच काढलंय. मनीषाचा गोल तर तिने लागोपाठ बघितला. आता दोनच प्रश्न. तिचा उजवा पाय अगदीच कच्चा आहे, चौदाव्या वर्षी सुधारतो का? आणि तिला परत विंगवर पाठवू की मध्येच ठेवू?

पेठेतला_नऊ

ताई, पाय नक्की सुधारतो. भिंत आणि चेंडू एवढंच लागतं. तिला उजव्या पायाने लांब मारायला लावू नका, ताकदीच्या नादात अंग मागे झुकतं आणि चेंडू वर जातो. पाच-सहा मीटरवरून पायाच्या आतल्या बाजूने भिंतीवर पास, परत आलेला त्याच पायाने थांबवायचा. उभ्या पायाचं पाऊल चेंडूच्या शेजारी आणि लक्ष्याकडे वळलेलं आहे ना, हे बघा. कच्च्या पायाची निम्मी अडचण खरं तर दुसऱ्या, उभ्या पायाची असते. रोज दहा-पंधरा मिनिटं, सरावाआधी, अंग ताजं असताना. छोट्या सामन्यात मैत्रिणींशी ठरवून काही वेळ फक्त उजव्या पायाने गोल मारायचा असंही खेळता येईल.

जागेचं म्हणाल तर एवढ्यात कायमचं ठरवू नका. विंगवर तिला समोर मोकळी जागा दिसते, मध्ये पाठीमागून माणूस येतो, दोन्हीची सवय हवी. आणि एक सुचवतो, प्रशिक्षकांशी बोलून काही सामने तिला सेंटर बॅकला, म्हणजे बचावाच्या मध्यभागी, खेळवा. नावाजलेला स्ट्रायकर द्रोग्बाही तरुणपणी राइट बॅकला, उजव्या बाजूच्या बचावात, खेळलेला आहे. तिथे उभी राहिली की समोरची स्ट्रायकर काय करते तेव्हा आपली पंचाईत होते, ते तिला स्वतःला कळेल. नजरेआड जाणारी जास्त त्रास देते की अंगाला भिडणारी? थांबणारी की सतत पळणारी? तिला घरी येऊन त्याच वहीत ते लिहायला सांगा, आणि तिची हरकत नसेल तर इथेही टाका. माझ्या मुलांना मी ते वाचून दाखवीन.